पातळ तेल

बारा वर्षं ज्याने रंग जाड आहे की पातळ एवढंच बघून पगार घेतला, त्याने तेलाच्या जाडपणात मार खावा, याला काय म्हणावं? अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. पण इथे रिकामा राहिलेला बैल सासऱ्यांचा होता, म्हणून गोष्ट सांगावी लागते.

जावई रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होता. तिथे तळाला भोक असलेला एक पेला असतो. भोकावर बोट धरून त्यात रंग भरायचा, बोट काढायचं, घड्याळ चालू करायचं आणि धार तुटेपर्यंतचे सेकंद मोजायचे. सेकंद जास्त तर रंग जाड, कमी तर पातळ. हे काम तो इतक्या निष्ठेने करायचा, की घरी चहा ओतताना बायको विचारायची, "किती सेकंद भरले रे?" तो हसायचा, पण मनातल्या मनात मोजलेले असायचे.

सासरे बस डेपोत हेडमेकॅनिक होते, चौतीस वर्षं. डेपोत त्यांना सगळे कानसेन म्हणत. गाण्यातलं त्यांना ओ की ठो कळत नसे, पण बस फाटकातून आत वळली, की हातातला चहा खाली न ठेवता ते ओरडत, "फॅनबेल्ट बघा रे हिचा!" आणि बेल्ट खरोखरच सुटायला आलेला असे. निवृत्तीनंतर पगार थांबला, कान थांबला नाही. दर रविवारी सकाळी गल्लीतलं कुणी ना कुणी आपली गाडी त्यांच्या अंगणात आणून उभी करी. सासरे हातभर लांब, लाकडी मुठीचा स्क्रू ड्रायव्हर काढत, त्याचं टोक चालू इंजिनावर टेकवत, मूठ कानापुढच्या हाडाला लावत आणि डोळे मिटत. मग अख्खं अंगण गप्प होई. सासूबाईसुद्धा भांडी घासायचं थांबवत, आणि सासूबाई कुणासाठी काही थांबवणाऱ्यांतल्या नव्हत्या.

त्यांची स्वतःची गाडी सव्वीस वर्षांची होती, फिकट निळी. दोन लाखांवर किलोमीटर झालेली, पण चोक ओढला की पहिल्या हाकेला ओ देणारी. जावई आणि त्याची बायको त्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहत. "घरजावई नाही, वरजावई," अशी गल्लीत थट्टा होती. दहा वर्षांत जावयाला ती गाडी चालवायला मिळाली, धुवायला मिळाली, बॉनेट उघडायला मात्र मिळालं नाही. "जावईबापू, तुमचं खातं रंगाचं, माझं तेलाचं," सासरे हसत म्हणायचे आणि स्वतः वाकायचे. ते हसत म्हणायचे, म्हणून जास्त लागायचं.

गुडघ्याच्या ऑपरेशनला जाताना त्यांनी किल्ली जावयाच्या हातात दिली.

"चार दिवसांनी एकदा स्टार्ट करा. पाच मिनिटं चालू ठेवा. ऑइल बदलायला आलंय, ते मी आल्यावर बघू. तुम्ही हात लावू नका."

"तुम्ही काळजीच करू नका, बाबा. घरी याल तेव्हा गाडी तरुण झालेली असेल."

सासरे तरुण होण्यावर हसले. 'हात लावू नका' मात्र जावयाच्या घशात अडकून बसलं. एकदा, फक्त एकदा त्या माणसाने बॉनेटपाशी उभं राहून "वा, जावईबापू" म्हणावं, एवढीच त्याची हौस होती. पस्तिशी ओलांडलेल्या माणसाने अशी हौस बाळगू नये, पण ती असते.

डिकीत सासऱ्यांच्या तेलाचा अर्धा डबा होता. ट्वेंटी-फिफ्टी. यातला पहिला आकडा गार तेल कसं वाहतं ते सांगतो आणि दुसरा तापल्यावर त्यात किती जाडपणा उरतो ते. जावयाने फोनवर गाडीचं नाव घातलं, तर उत्तर आलं फाइव्ह-थर्टी. दोन्ही आकडे लहान, म्हणजे बरंच पातळ. ते उत्तर त्याच नावाच्या नव्या गाडीचं होतं. कंपनीने नाव तेवढं जुनं ठेवून आतलं सगळं बदललं होतं, पण ते खाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं आणि याला घाई होती. गाडीचं मूळ पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात, हातभर अंतरावर पडलेलं होतं. ते त्याने उघडलं नाही. ज्याला पेल्याने मोजता येतं तो पुस्तक कशाला उघडेल?

त्याने दोन्ही तेलं कारखान्यात नेली आणि जेवणाच्या सुट्टीत पेल्यातून सोडली. सासऱ्यांचं तेल संपता संपेना. याचं नवं तेल निम्म्याहून कमी वेळात खाली. "हे काय तेल आहे की मध?" तो स्वतःशीच म्हणाला. जे लवकर वाहतं ते इंजिनात लवकर पोचतं, जे लवकर पोचतं ते इंजिन वाचवतं. हिशेब सरळ होता. पेला खरा, घड्याळ खरं, सेकंदही खरे. फक्त गार खोलीतलं तेल वेगळं आणि सव्वीस वर्षं झिजलेल्या, तापलेल्या इंजिनातलं वेगळं, एवढं त्याच्या लक्षात आलं नाही. किंवा आलं असेल, आणि त्या 'वा'च्या नादात त्याने ते बाजूला सारलं असेल.

मायलेकी दवाखान्यात गेलेल्या असताना त्याने अंगणात जुनं तेल काढलं, फिल्टर बदलला, नवं ओतलं. हात धुतले. कुणाला सांगितलं नाही. घरी आल्यावर सासरे कौतुकाने विचारतील, "आज गाडी हलकी कशी हो चालतेय?" आणि मग आपण सांगू, असा बेत होता.

रविवारी सासऱ्यांना घरी आणलं. ते पुढे, सीट मागे सरकवून पाय लांब केलेला. मागे सासूबाई आणि बायको. पहिली पंधरा मिनिटं गाडी खरंच छान चालली. मग इंजिन तापलं, चौकात सिग्नल लागला, आणि स्टिअरिंगच्या मागे ऑइलचा लाल दिवा लुकलुकला. जावयाच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने ॲक्सिलरेटर किंचित दाबला, दिवा विझला. सोडला, पुन्हा लागला. आणि त्याच्या बरोबरीने बॉनेटखालून बारीक, कोरडा आवाज येऊ लागला. टिक टिक टिक टिक.

"उभ्या गाडीला रेस का देताय?" सासऱ्यांनी विचारलं.

"उगाच. सवय."

सासऱ्यांनी मान तिरकी केली. "टॅपेट वाजतायत."

आता बोलायची वेळ होती. बाबा, मी ऑइल बदललं, चुकीचं घातलं असेल. एवढंच वाक्य. पण मागे बायको होती, सासूबाई होत्या, आणि गाडी तरुण करण्याची बढाई अजून ताजी होती. त्याच्या तोंडून निघालं ते असं:

"मला नाही येत आवाज, बाबा."

"येतोय की. टिक टिक. वरच्या बाजूने."

"नाही हो. गाडी अगदी शांत चाललीय."

मागून सासूबाई म्हणाल्या, "अहो, भूल उतरली नसेल अजून. आणि तसंही हल्ली टीव्ही किती मोठा लावता ते शेजाऱ्यांना विचारा." बायको हसली. टॅपेट म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागात झडपा उघडणारे खटके, हेही तिला माहीत नव्हतं, तिला कसला आवाज कळणार? सासरे हसले नाहीत. पुढच्या सिग्नलला ते कानाच्या पाळीला दोन बोटं लावून बसले. आणि जावयाने पुन्हा रेस दिली.

एक खोटं बोललं की त्याला जेवूखाऊ घालावं लागतं. सासऱ्यांना वाकता येत नव्हतं, म्हणून बॉनेट उघडून बघता येत नव्हतं. तेल बघायची पट्टी काढली असती तर एका बोटात त्यांना सगळं कळलं असतं. सगळी भिस्त कानावर, आणि कान खोटा ठरलेला. त्यांनी आधी विचारलं, मग विचारायचं सोडलं. जावयाला वाटलं, विसरले. ते विसरले नव्हते. दुसऱ्या आठवड्यात जेवताना त्यांनी हळूच म्हटलं, "कानाच्या डॉक्टरकडे जाऊन येऊ म्हणतो. न्याल का?"

जावयाने नेलं. त्याच गाडीतून नेलं. हे त्याला पुढे कधीही स्वतःला माफ करता आलं नाही. सगळा रस्ता टॅपेट वाजत होते. सासरे समोर बघत बसले होते. मात्र त्यांच्या उजव्या हाताचं एक बोट चांगल्या गुडघ्यावर हलत होतं. जावयाने दोनदा चोरून बघितलं. बोट टॅपेटच्या ठेक्यावर पडत होतं. रेस वाढली की भराभर, कमी झाली की सावकाश. एक ठोका इकडचा तिकडे होत नव्हता.

डॉक्टरीण चांगली होती. तिने त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन घातले, आवाज आला की बटण दाबायला सांगितलं. मग कागदावरची उतरती रेघ दाखवून म्हणाली, "वयाच्या मानाने ठीकच आहे. वरचे बारीक आवाज थोडे कमी झालेत. आणि काका, या वयात कधी कधी कान स्वतःच आवाज तयार करतो. शिट्टी वाजते, टिकटिक होते. बाहेर काही नसतं."

"टिकटिक होते," सासरे म्हणाले.

"होते ना. घाबरायचं नाही."

त्यांनी कागदाची नीट चौघडी करून खिशात ठेवली. गाडीत बसल्यावर म्हणाले, "यंत्रच सांगतंय म्हटल्यावर प्रश्न मिटला. तुम्ही सांगत होतात, मीच हट्टाला पेटलो." आणि जावयाच्या खांद्यावर थोपटलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणूस म्हणतो. तिथे धरणी नव्हती, गिअर टाकून निघावं लागलं.

सोमवारी तो कारखान्यातल्या फोर्कलिफ्टच्या मेकॅनिककडे गेला. त्याला सगळं सांगायचीही लाज वाटली, म्हणून 'एका मित्राची गाडी' असं म्हणाला. मेकॅनिकने दोन प्रश्न विचारले आणि कपाळाला हात लावला.

"सव्वीस वर्षांच्या इंजिनात फाइव्ह-थर्टी? मित्र शहाणा दिसतोय तुमचा. अहो, झिजून झिजून बेअरिंगमध्ये फटी पडलेल्या असतात. पातळ तेल तापलं की त्या फटीतून निसटून जातं, प्रेशर राहत नाही, वर टॅपेट कोरडे वाजतात. जाड तेल फटीत टिकून बसतं. गाडीचं पुस्तक बघा म्हणावं आधी. मग इंजिन किती झिजलंय ते बघा. फोनवर काय बघता?"

जावयाने गाडीत जाऊन कप्प्यातलं पुस्तक काढलं. प्लॅस्टिकच्या कव्हरात होतं. तेलाच्या पानावर तक्ता होता: हवा किती गरम, तर तेल कोणतं. ट्वेंटी-फिफ्टीभोवती पेन्सिलीने गोल केलेला होता आणि समासात सव्वीस वर्षांच्या तेलबदलाच्या तारखा होत्या, एकाखाली एक, एकाच हाताच्या. शेवटच्या तारखेखाली जागा रिकामी होती.

मंगळवारी त्याने तेल परत बदललं. दिवा विझला, टिकटिक गेली. त्याला इतकं हलकं वाटलं की येताना तो गाणं गुणगुणत आला. आता बाबा गाडीत बसतील, आवाज येणार नाही, खूश होतील आणि सगळं विसरून जाऊ; असं त्याला वाटलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण या चोराला चांदण्याची भीतीच उरली नव्हती.

रविवारी सासरे काठी टेकत अंगणात आले आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसले. गाडी चालू केली. दहा मिनिटं चालू ठेवली, चांगली तापू दिली. डोळे मिटले. जावई शेजारी उभा राहून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होता.

"गेला आवाज," ते म्हणाले.

"बघा! मी म्हटलं नव्हतं?"

"हो. तुम्ही म्हणाला होतात." त्यांनी गाडी बंद केली. "गाडीतला आवाज असा आपोआप जात नसतो, जावईबापू. चौतीस वर्षांत एकही गेलेला बघितला नाही. कुणीतरी हात लावल्याशिवाय जात नाही. म्हणजे तो गाडीत नव्हताच. इथे होता." त्यांनी कानाकडे बोट केलं. "थोडी शंका होती. बरं झालं, फिटली."

मग ते उठले, आत गेले आणि लाकडी मुठीचा स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले. "हा तुमच्याकडे ठेवा. तुमचा कान खरा आहे."

जावयाने तो घेतला. आता सांग, आता सांग, असं आतून कुणीतरी ओरडत होतं आणि तो स्क्रू ड्रायव्हर फडक्याने पुसत उभा राहिला. त्या दिवशी दोन गाड्या फाटकाशी आल्या. सासऱ्यांनी दोघांनाही हात हलवून परत पाठवलं. म्हणाले, "कान बिघडलाय माझा. भरवसा ठेवू नका." आणि खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. सासूबाईंनी टीव्ही लावला, मोठा लावला, त्यांना नीट ऐकू यावा म्हणून.

पुढच्या रविवारी शेजारचा टॅक्सीवाला आला. त्याला परत पाठवलं तरी तो गेला नाही.

"काका, दुपारी घाटातून पाच माणसं न्यायचीत. वर चढताना कसलातरी आवाज येतो. एवढं एक ऐका."

सासरे नाइलाजाने बाहेर आले. टॅक्सी चालू होती. ते बॉनेटजवळ उभे राहिले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"मला खालून ठोका ऐकू येतोय," ते हळूच म्हणाले. "बेअरिंग गेल्यासारखा. पण मला हल्ली काहीही ऐकू येतं." ते वळले. "जावईबापू, स्क्रू ड्रायव्हर आणा. तुम्ही ऐका आणि सांगा. तुम्ही म्हणाल तसं तो करेल."

जावयाने आणला. अंगणात बायको होती, सासूबाई चहा घेऊन उभ्या होत्या. त्याने टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली. आत नुसता गडगडाट होता. त्यात ठोका होता का? असेल, नसेल. त्याला काही कळत नव्हतं. टॅक्सीवाला त्याच्या तोंडाकडे बघत होता. सासरेही बघत होते, आणि त्यांच्या नजरेत पूर्ण विश्वास होता. तो बघवेना.

त्याने स्क्रू ड्रायव्हर काढला.

"मला नाही कळत, बाबा. मला यातलं काहीच कळत नाही. तुमचा कान चांगला आहे. टॅपेट वाजत होते. तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा मी गाडीत पातळ तेल घातलं होतं, त्याने वाजत होते. मग मी गुपचूप बदललं. म्हणून आवाज गेला."

टॅक्सीवाल्याने हात लांब करून गाडी बंद केली.

"सिग्नलला वाजत होते तेव्हा तुम्हाला ऐकू येत होतं?" सासऱ्यांनी विचारलं.

"हो."

"आणि डॉक्टरकडे जाताना?"

"हो. सगळा रस्ता."

बायको म्हणाली, "तू त्यांना कान तपासायला घेऊन गेलास." तिने आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर बरं झालं असतं. सासूबाईंनी जावयासाठी पुढे केलेला कप तसाच ट्रेमध्ये परत ठेवला आणि त्या आत गेल्या. टॅक्सीवाला बुटांकडे बघू लागला. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते जावयाला त्या दिवशी भर अंगणात कळलं.

सासऱ्यांनी हात पुढे केला. जावयाने स्क्रू ड्रायव्हर दिला. "चालू कर," ते टॅक्सीवाल्याला म्हणाले. दुखऱ्या गुडघ्यानिशी वाकले, टोक टेकवलं, मूठ हाडाला लावली, डोळे मिटले. जागा बदलली, पुन्हा ऐकलं, पुन्हा पहिल्या जागी आले. पूर्वी त्यांना एकदाच पुरायचं.

"तिसरं बेअरिंग," ते म्हणाले. "बंद कर. घाटात नेऊ नकोस. इथून ढकलतच ने."

जावयाशी ते त्या दिवशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी बोलले, पण जावईबापू म्हणाले नाहीत.

बुधवारी संध्याकाळी टॅक्सीवाला इंजिन उघडून निघालेलं बेअरिंग घेऊन आला आणि टेबलावर ठेवलं. तिसरंच होतं. वरचा थर खरवडून आतलं तांबं दिसत होतं. "काका, घाटात गेलो असतो तर संपलो असतो," तो म्हणाला आणि त्यांच्या पाया पडला. सासऱ्यांनी ते बोटांत फिरवून बघितलं, मान हलवली, सासूबाईंना दाखवलं. जावई दाराशी उभा होता. त्याला वाटलं, आता तरी झालं. आता त्यांची खात्री पटली असेल.

टॅक्सीवाला गेला. सासरे बेअरिंग हातात धरून बसले होते. मग त्यांनी मान तिरकी केली, थोडा वेळ तशीच ठेवली, आणि जावयाकडे बघून अगदी हळू, अजिजीने विचारलं,

"आत मोरीतला नळ गळतोय का हो? की मलाच येतोय आवाज?"

"गळतोय, बाबा," जावई म्हणाला. "खरंच गळतोय." आणि तो नळ बंद करायला आत गेला.